डँडेलियनच्या मुळांची कॉफी: काय चुकलं?

प्रश्न: मी जर्मनीत असते. परसातल्या डँडेलियनची (पिवळ्या फुलांचं एक तण) मुळं खणली, धुतली आणि बोटाएवढे तुकडे तसेच ओव्हनमध्ये २०० अंशांवर ठेवले. बाहेरून कोळसा, आत ओलसर! चव निव्वळ काढ्याची. नवऱ्याने एक घोट घेऊन कप कुंडीत ओतला.

प्रतिसाद: तुकडे शेंगदाण्याएवढे करा, आधी खडखडीत वाळवा. मग मंद आचेवर, सारखे हलवत भाजा. आणि मुळं शरदातच खणा. तेव्हा त्यांत इन्युलिन (मुळांत साठणारं एक कर्बोदक) भरपूर असतं, भाजल्यावर गोडवा त्याचाच.

प्रतिसाद: कॅफिन नसतं हं यात. आमची आजी कोकणात टाकळ्याच्या बिया भाजून अशीच कॉफी करायची, गूळ घालून.

प्रश्नकर्ती: मी एप्रिलमध्ये खणली होती... आता ऑक्टोबरपर्यंत सासूबाईंनी पाठवलेली फिल्टर कॉफी. त्यातही चिकोरीचं मूळ आहेच म्हणा!