मदत हवी आहे: सांगलीतल्या कॉलेजात राहून प्रतिजैविक-प्रतिकारावर काम करायचंय, पहिली ग्रँट कुठून आणि कशी मिळवावी?

कृष्णाकाठची:

नमस्कार मंडळी,

मी सांगलीतल्या एका अनुदानित कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पीएचडी शिवाजी विद्यापीठाची, नोकरी कायम, वय ३९. लघवीच्या संसर्गात सापडणारा ई. कोलाय आणि त्याचा औषधांना होत चाललेला प्रतिकार हा माझा विषय. प्रश्न लांबलचक आहे, पण या क्षेत्रातली माणसं इथे वाचतात हे माहीत आहे म्हणून सविस्तर लिहिते.

आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) प्रतिजैविक-प्रतिकारावर नजर ठेवणारं जाळं २०१३ पासून चालू आहे, आणि त्यातली केंद्रं बहुतेक मोठी रुग्णालयं आहेत. तिथे पोचणारा पेशंट आधीच चार ठिकाणी औषधं घेऊन आलेला असतो. जत, तासगाव, कवठेमहांकाळकडची बाई पहिल्यांदाच जळजळ होतेय म्हणून गावातल्या डॉक्टरकडे जाते, तिच्या शरीरातला जंतू कुठल्या औषधाला दाद देतो हे मला शोधायचंय. त्यासाठी सांगली-मिरजेपेक्षा चांगली जागा मला दिसत नाही. मिशनरी डॉक्टर वॉन्लेससाहेबांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना काढला तेव्हापासून उत्तर कर्नाटकातनंसुद्धा पेशंट इथे येतात, आणि शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही १९६२ पासून आहे. पेशंट इथे आहेत, नमुने इथे आहेत, आणि मीही इथेच आहे.

सध्या ओळखीच्या एका डॉक्टरांच्या लॅबमधून वाढ आलेल्या प्लेटा मिळतात. त्यावर औषध लावलेल्या चकत्यांची चाचणी आम्ही एमएस्सीच्या मुलांबरोबर करतो. सेफ्ट्रायअ‍ॅक्झोनच्या चकतीभोवती स्वच्छ वर्तुळ पडायला हवं, तिथे वाढ पार चकतीला चिकटलेली दिसते. शेजारी क्लॅव्युलॅनिक आम्ल असलेली चकती ठेवली की दोन चकत्यांच्या मधली जागा किल्लीच्या भोकासारखी मोकळी होते. म्हणजे जंतू ईएसबीएल हे औषध तोडणारं विकर बनवतोय. मुलं हे पहिल्यांदा बघतात तेव्हा वर्गात जे शिकवलं ते सगळं एकदम जिवंत होतं. पण माझं काम इथेच थांबतं. कुठलं जनुक आहे हे बघायला पीसीआर (डीएनएच्या प्रती काढणारं यंत्र) हवा, तो आमच्याकडे नाही. उणे ऐंशीचा फ्रीजरही नाही. ग्लिसरॉलमधले साठे उणे वीसला ठेवलेत, तेही पहिल्या मजल्यावर, कारण २०१९ चा पूर ज्यांनी पाहिला ते तळमजल्यावर काही ठेवायला धजत नाहीत.

गेल्या वर्षी एका संस्थेकडे प्रस्ताव पाठवला होता. परीक्षकांचा शेरा आला: विषय महत्त्वाचा, पण प्राथमिक निष्कर्ष अपुरे आणि संस्थेत सुविधा नाहीत. सुविधा नाहीत म्हणून तर पैसे मागतेय! हा शेरा मनाला लागला, खोटं कशाला सांगू. पण त्यात तथ्य आहे हेही कळतं.

तर विचारायचंय ते असं. माझ्यासारखीने थेट मोठ्या ग्रँटला अर्ज करावा, की आधी एखाद्या मोठ्या संस्थेशी जोडून घेऊन छोटं काहीतरी करावं? आठवड्याला सोळा तास शिकवणं सांभाळून हे लोक करतात कसं? रुग्णालयातले नमुने रीतसर मिळवायला एथिक्स कमिटीचं (संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या समितीचं) काय करायचं, आमच्या कॉलेजात तर ती नाही? आणि आमच्या ऑफिसात आजवर एकही संशोधन प्रकल्प आलेला नाही, तेव्हा हिशेब कोण बघणार? प्रस्ताव लिहायचं नीट शिक्षण कुठे मिळेल हेही सांगा. सांगली सोडून जा हा सल्ला मात्र कृपया नको.

---

पाषाण रस्ता:

ताई, मी पुण्यात एका राष्ट्रीय प्रयोगशाळेत आहे. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते अगदी सरळ आहे: आधी टेअर. टीचर्स असोसिएटशिप फॉर रिसर्च एक्सलन्स. ही योजना सर्बने, म्हणजे केंद्राच्या विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाने, काढली, आणि सर्ब आता २०२३ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये गेलंय. राज्य विद्यापीठं आणि कॉलेजातल्या कायम शिक्षकांसाठीच ती आहे. मुदत तीन वर्षं. संशोधनाला वर्षाला ५ लाख, त्यातले निम्मे तुमच्या कॉलेजला आणि निम्मे यजमान संस्थेला. शिवाय शिक्षकाला वर्षाला ६० हजार. नोकरी सोडायची नाही, वर्षातले काही दिवस यजमान प्रयोगशाळेत येऊन काम करायचं. वयाची अट ४५ ची आहे, तुम्ही बसता.

पुण्यात एनसीसीएस, आघारकर, एनसीएल, आयसर या संशोधन संस्था आहेत. पीसीआर आणि जनुकक्रम इथे करा, साठे इथल्या उणे ऐंशीत ठेवा. परीक्षकांचे दोन्ही शेरे एका झटक्यात निकाली निघतील. तीन वर्षांनी तुमच्या नावावर दोन पेपर आणि सोबत काम केलेला एक ज्येष्ठ माणूस असेल, मग मोठ्या ग्रँटला जा.

मोठ्या ग्रँटचं गणितही आत्ताच करून ठेवा. शुअर ही राज्य विद्यापीठांसाठीची योजना तीन वर्षांत ३० लाखांपर्यंतची होती. त्यात एक जेआरएफ (फेलोशिपवरचा कनिष्ठ संशोधक) घेतला तर दोन वर्षं महिना ३७ हजार आणि तिसऱ्या वर्षी ४२ हजार, म्हणजे घरभाडं सोडून जवळजवळ १४ लाख. निम्मी रक्कम तिथेच गेली. राहिलेल्यात यंत्र घेतलंत तर चकत्या, माध्यमं आणि प्रायमरला काय उरणार? म्हणून सांगतो, यंत्र मागू नका, माणूस आणि रसायनं मागा. यंत्रं दुसऱ्यांची वापरता येतात. आय-स्टेम या सरकारी पोर्टलवर कुठलं उपकरण कुठे आहे ते सापडतं.

आणखी एक. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप फक्त विद्यार्थ्यांना मिळते असा समज आहे, ती शिक्षकांनाही मिळते. दोन महिने. टेअरसाठी मार्गदर्शक शोधायचा यापेक्षा चांगला रस्ता नाही, कारण ओळख न होता नुसत्या ईमेलवर कुणी हो म्हणत नाही.

---

मिरजेचा डॉक्टर:

मॅडम, विषय वाचून फार बरं वाटलं. आमच्या ओपीडीत रोज हाच प्रश्न असतो आणि आम्ही अंदाजाने औषध लिहितो.

एथिक्सबद्दल. कॉलेजात कमिटी नसली तरी अडत नाही. करार करून दुसऱ्या संस्थेच्या कमिटीकडे जाता येतं. फक्त ती कमिटी आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली असली पाहिजे, २०१९ च्या नियमांनंतर हे लागतंच. सगळ्यात सोपं म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातला कुणीतरी सह-संशोधक घ्या आणि त्यांच्या कमिटीकडून मंजुरी घ्या.

आता नेमकी अडचण इथे आहे. उरलेला नमुना ओळख पुसून वापरला तर आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे कमिटी संमतीपत्रातून सूट देऊ शकते. पण तुम्हाला बाईचं गाव हवंय, वय हवंय, आधी मेडिकलमधून परस्पर काय गोळ्या घेतल्या हेही हवंय. हे विचारायचं तर संमती लागणार. मराठीत आणि कन्नडमध्ये, एका पानात, मोठ्या अक्षरात लिहा. मराठी कागदावर सही घेतलेली जतची कन्नड बोलणारी आजी, याला संमती म्हणत नाहीत.

आणि ओळखीवर प्लेटा घेणं आता थांबवा. पेपर छापायच्या वेळी मंजुरीचा क्रमांक विचारतात, तो नमुने घेण्याआधीच्या तारखेचा लागतो.

नमुने किती लागतील तेही बघून ठेवा. प्रतिकाराचं प्रमाण ५० टक्के धरलं आणि पाच टक्क्यांची चूक चालवून घेतली तर ३८५ लागतात. ते वाढ आलेले ई. कोलाय हवेत, गोळा केलेल्या लघव्या नव्हेत. गोळा याच्या कितीतरी पट कराव्या लागतील. आयसीएमआरच्या चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा बेसिक कोर्स इन बायोमेडिकल रिसर्च ऑनलाइन आहे, आमच्या पीजीच्या मुलांना सक्तीचा आहे, पण कुणीही करू शकतं. नमुना-संख्या, प्रश्नावली, प्रोटोकॉल कसा लिहायचा, सगळं त्यात आहे. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर हेच.

---

लेखापाल, सातारा:

मी सातारा जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हिशेब बघतो. विज्ञानातलं कळत नाही, पण प्रकल्प बंद पडतात ते बहुतेक आमच्या खोलीत, म्हणून लिहितोय.

मंजुरीचं पत्र आलं की त्यातली खर्चाची शीर्षं वाचा. यंत्रसामग्रीचे पैसे रसायनाला वापरता येत नाहीत, आधी लेखी परवानगी घ्यावी लागते. खात्यावर पडलेलं व्याज आपलं नसतं, ते सरकारला परत जातं. वर्ष संपलं की उपयोगिता प्रमाणपत्र, नमुना १२-अ, वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता येत नाही आणि मुलाची फेलोशिप थांबते. मार्चमध्ये घाईने खरेदी करू नका. परदेशी किटला यायला महिनोन्‌महिने लागतात, ऑर्डर जूनमध्येच टाका.

तुमच्या ऑफिसातल्या एका क्लार्कना अर्ज करायच्या आधीच सोबत घ्या. बजेट त्यांच्यासमोर बसून करा. नंतर कागद नेऊन टाकलात तर त्यांना ते जास्तीचं काम वाटणार, आणि ते बरोबरच आहे, त्याचा पगार त्यांना वेगळा मिळत नाही. शक्य असेल तर ओव्हरहेडमधून (संस्थेच्या खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेतून) ऑफिसला काहीतरी मिळेल असं प्राचार्यांशी बोलून ठेवा.

---

पाषाण रस्ता:

लेखापालसाहेबांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. प्रस्ताव-लेखनाचं राहिलं होतं. इंडियाबायोसायन्सच्या संकेतस्थळावर जीवशास्त्रातल्या ग्रँटांची माहिती एकत्र असते, ती दर महिन्याला बघत जा. इंडिया अलायन्स ही केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि ब्रिटनची वेलकम संस्था यांची संशोधनाला पैसे देणारी संस्था आहे, तिच्या विज्ञान-संवादाच्या कार्यशाळा होतात, त्यात आपलं काम मोजक्या शब्दांत मांडायला शिकवतात. २०२५ च्या ऑक्टोबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने त्यांच्या कार्यक्रमाच्या तिसऱ्या टप्प्याला १५०० कोटी मंजूर केले. यातले १००० कोटी जैवतंत्रज्ञान विभागाचे आणि ५०० कोटी वेलकमचे. त्यात दुसऱ्या-तिसऱ्या श्रेणीच्या शहरांतल्या संशोधकांवर भर द्यायचं ठरलंय. सांगलीच्या दृष्टीने हे महत्त्वाचं आहे.

पण कुठलीही कार्यशाळा करा, मंजूर झालेला एक खरा प्रस्ताव हातात घेऊन वाचल्याशिवाय ते जमत नाही. माझा टेअरचा नाही, पण एक जुना मंजूर प्रस्ताव आहे. निरोप टाका, पाठवतो. परीक्षकांचे शेरेही सोबत देतो, ते जास्त उपयोगी पडतात.

---

कृष्णाकाठची:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं नेमकं उत्तर मिळेल असं वाटलं नव्हतं.

ठरवलं ते सांगते. उन्हाळी फेलोशिपला अर्ज करते, तिथून टेअर. मोठी ग्रँट त्यानंतर. प्लेटा घेणं आजपासून बंद. डॉक्टरसाहेब, सह-संशोधक म्हणून कुणाला विचारावं यासाठी तुम्हाला निरोप टाकलाय. कन्नड संमतीपत्रासाठी आमच्याच एमएस्सीला जतची एक मुलगी आहे, तिच्याकडून मसुदा करून घेते आणि तिच्या गावातल्या बायकांना वाचून दाखवते. त्यांना कळलं तरच पुढे नेईन.

एकच राहिलं. टेअरसाठी पुण्याला जायचे दिवस कॉलेजकडून कसे मिळवायचे? कर्तव्यरजा मिळते का?

---

पाषाण रस्ता:

आमच्याकडे येणारे शिक्षक बहुतेक दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी वापरतात, वरचे दिवस कर्तव्यरजा म्हणून. अर्जासोबत प्राचार्यांचं ना हरकत पत्र लागतंच, त्याच पत्रात कर्तव्यरजेचं वाक्य घालून घ्या. मंजुरीनंतर मागायला गेलात तर वेळ जातो. सत्र सुरू व्हायच्या आधी, वेळापत्रक लागायच्या आत बोला.