बेडरूमच्या एकाच भिंतीला नवा रंग, गिऱ्हाइकाला सांगू का?

इंदिरानगर_एजंट
नमस्कार मंडळी, नाशकात चार वर्षं रिसेलचं काम करतोय. परवा एक टू बीएचके दाखवला, पार्टी नवरा-बायको, गावाकडची जमीन विकून पैसे उभे केलेत. सगळा फ्लॅट जुन्या रंगाचा आणि बेडरूमची एकच भिंत ताजी रंगवलेली, बाथरूमला लागून असलेली. हात लावला तर गार, स्कर्टिंगच्या वर पांढरा लोणा. खाली पार्किंगमध्ये आलो तर एका कॉलमला उभी भेग, कडेला तांबूस डाग. मालकाला बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाला, तू इंजिनिअर आहेस का, तुझं काम दाखवायचं. पार्टीच्या काही लक्षात आलं नाही, ती बाल्कनीतून समोरचा मोकळा प्लॉट बघत होती. बोललो तर लिस्टिंग जाणार, आणि चुकीचं बोललो तर मालकाचं नुकसान. शुक्रवारी टोकन आहे, दोन रात्री झोप नाही. काय करू?

सिव्हिलवाला
दादा, दोन्ही गोष्टी वेगळ्या धर. बाथरूमची ओल बहुतेक संकन स्लॅबच्या, म्हणजे बाथरूमखालच्या खोलगट स्लॅबच्या, वॉटरप्रूफिंगची असणार, टाइल्स फोडून काम होतं, खर्च आहे पण घर वाईट नाही ठरत. कॉलमचं मात्र गंभीर. सळई गंजली की फुगते आणि वरचं काँक्रीट फाडते, म्हणून भेग सळईच्या रेषेत उभी जाते आणि तांबूस पाणी उतरतं. किल्लीने ठोकून बघ, बद्द आवाज आला तर कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, सुटलंय. बीमखाली भिंतीच्या जोडावर केसासारखी आडवी भेग असेल तर ती बहुतेक वेळा नुसती प्लास्टरची असते, तिला घाबरू नका. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी जाणारी आणि वाढणारी असेल तर पाया बघावा लागतो, आपल्याकडे काळी माती पावसात फुगते उन्हाळ्यात आकसते, पाया मुरमापर्यंत नेला नसेल तर ती भिंत हलवतेच.
तू निदान करू नकोस. जे दिसलं तेवढंच सांग, बाकी इंजिनिअर सांगेल.

नाशिकरोड_प्रॉपर्टी
माझं मत वेगळं. आपण मालकाचा माल विकतो, त्याच्या घराचे दोष मोजत बसलो तर उद्या कोणी चावी देणार नाही. टोकनच्या आधी इंजिनिअरला दाखवून घ्या एवढं बोल, पुढे ते बघतील.

पंचवटीची_ताई
नाशिकरोडवाले भाऊ, मला पण असंच "बघून घ्या" म्हणाले होते. इतक्या पटकन की मला वाटलं सगळ्यांनाच म्हणत असतील. पहिल्याच पावसात हॉलच्या छताचे पोपडे पीठ सांडावं तसे पलंगावर. नंतर एजंट म्हणाला, मला अंदाज होता ताई. अंदाज होता तर माझ्या तोंडावर का नाही सांगितला? मी २० वर्षांचं कर्ज घेतलं होतं.

जुना_एजंट_गंगापूररोड
कायद्याचं सांगतो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५, घेणाऱ्याला साध्या नजरेने न दिसणारा मोठा दोष विकणाऱ्याला माहीत असेल तर तो त्याने सांगायलाच हवा. म्हणजे रंग मारून झाकणं मालकाच्याच अंगलट येऊ शकतं, हेच त्याला समजावून सांग. नव्या प्रोजेक्टला रेरा आहे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांसाठीचा २०१६ चा कायदा, ताबा मिळाल्यापासून ५ वर्षांत बांधकामाचा दोष कळवला तर बिल्डरने ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा, आणि एजंटने दर्जाबद्दल खोटं बोलायचं नाही असं कलम १० मध्ये आहे. म्हणून "बांधकाम एकदम सॉलिड" हे वाक्य तर तोंडातून काढूच नकोस.
आधी मालकाला सांग की मी हे कळवणार आहे, मग फोटो आणि तीन ओळी दोघांनाही एकाच व्हॉट्सॲपवर. मागून बोलायचं नाही.

इंदिरानगर_एजंट
आज केलं. मालक फोनवर खूप चिडला, लिस्टिंग काढतो म्हणाला. पार्टीला लिहिलं, "बेडरूमची भिंत ओली लागली, पार्किंगच्या कॉलमला उभी भेग दिसली, मी इंजिनिअर नाही, टोकनआधी दाखवून घ्या." टोकन पुढे ढकललंय, रविवारी इंजिनिअर येतोय. संध्याकाळी मालकाचाच परत फोन, म्हणे सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्या कॉलमचा विषय दोनदा निघाला होता, कागद आहेत, पाठवू का. म्हटलं पाठवा, पार्टीला पण पाठवा.