प्रतिसाद: फक्त ऑल्ट लिहून भागत नाही
फोटोंना ऑल्ट मजकूर (फोटोत काय आहे ते सांगणारं, कोडमध्ये लिहिलेलं वर्णन) दिला की साइट अंध वाचकांसाठी तयार झाली, असं वर म्हटलंय. मला ते पटत नाही. मालवणजवळच्या एका होमस्टेची साइट दुरुस्त करायला घेतली होती. ऑल्ट सगळे जागच्या जागी. पण पान उघडताच समुद्राचा व्हिडिओ आपोआप सुरू व्हायचा, आणि त्या गाजेत एनव्हीडीएचं, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरचं, वाचन बुडून जायचं! आपोआप वाजणारा आवाज 3 सेकंदांहून लांबला तर तो थांबवायची किंवा कमी करायची सोय हवीच, हा डब्ल्यूसीएजीचा (साइट सर्वांना वापरता यावी यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीचा) अगदी पहिल्या, ए पातळीचा नियम. आम्ही ऑटोप्ले काढलाच, शिवाय एचटीएमएलच्या ट्रॅक टॅगने वेबव्हीटीटी फाइल (वेळेनुसार दिसणाऱ्या कॅप्शनची मजकूर फाइल) जोडून कॅप्शन दिल्या. मालकीणबाई व्हिडिओत मालवणीत बोलतात, त्या कॅप्शन मालवणीतच ठेवल्या.

बुकिंगचं 'बटण' म्हणजे डिव्हला (नुसत्या चौकटीच्या टॅगला) जावास्क्रिप्टने लावलेला क्लिक. कीबोर्डवर टॅब दाबत गेलं तर फोकस, म्हणजे सध्या निवडलेली जागा, त्याला ओलांडून पुढे. तिथे खरा बटण टॅग घातला. एन्टर, स्पेस दोन्ही चालू लागले, वेगळी स्क्रिप्ट न लिहिता.

हो, आणि पानाच्या एचटीएमएल टॅगवर भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) आहे ना ते बघा. तिथे इंग्रजी राहिली तर स्क्रीन रीडर मराठीसाठी भलताच आवाज निवडू शकतो.