२०२३ मधल्या मोठ्या भूकंपांचा तक्ता: आकडे जुळत नाहीत, कोणते धरायचे?

पाटणखोरे_भूगोल (प्रश्न)

नववीची मुलं प्रदर्शनासाठी २०२३ मधल्या जगातल्या मोठ्या भूकंपांचा तक्ता करत आहेत. सात नोंदी घेतल्यात: तुर्कस्तान-सीरिया (एकाच दिवशीचे दोन), मोरोक्को, अफगाणिस्तानातलं हेरात, नेपाळमधलं जाजरकोट, फिलिपिन्समधलं मिंडानाओ आणि चीनमधलं गान्सू. कोपऱ्यात तुलनेसाठी आपला कोयनेचा १९६७ चा भूकंप.

गाडं तीन ठिकाणी अडलंय. जाजरकोट कुठे ६.४ लिहिलाय, कुठे ५.७. मोरोक्कोची तारीख कुठे ८ सप्टेंबर, कुठे ९. आणि मुलांनी तीव्रतेचे स्तंभ काढले तर ७.८ आणि ६.३ जवळजवळ सारख्याच उंचीचे दिसतात, मृतांचे आकडे मात्र कशाचाच मेळ लागू देत नाहीत. मिंडानाओ एवढा मोठा आणि बळी जेमतेम, जाजरकोट एवढा लहान आणि दीडशेच्या वर. हे मुलांना कसं समजवायचं?

तरंगलेखी

सर, आधी आकड्यांचा घोळ निस्तरू.

जाजरकोटचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, मोजपट्ट्या वेगळ्या आहेत. नेपाळच्या भूकंपमापन केंद्राने ६.४ दिला तो स्थानिक मोजपट्टीवरचा. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाचा, म्हणजे यूएसजीएसचा ५.७ हा मोमेंट मॅग्निट्यूड आहे, म्हणजे जमिनीखालचा खडक किती भागात आणि किती सरकला यावरून काढलेला आकडा. गान्सूचंही तसंच: चिनी यंत्रणेचा ६.२, यूएसजीएसचा ५.९. तुर्कस्तानच्या दुसऱ्या धक्क्याला कुणी ७.५ म्हणतं, कुणी ७.६, कुणी ७.७. तक्त्यात एकच रकाना ठेवा, सगळे आकडे एकाच संस्थेचे आणि मोमेंट मॅग्निट्यूडचेच घ्या. यूएसजीएसचे असे आहेत: तुर्कस्तान ७.८ आणि ७.५, मोरोक्को ६.८, हेरात ६.३, जाजरकोट ५.७, मिंडानाओ ७.६, गान्सू ५.९. कोयनेलाही याच मोजपट्टीवर ६.३ धरतात, जुन्या पुस्तकांत ६.५ सापडेल. आणि "रिश्टर स्केलवर" हे शब्द मुलांना खोडायला सांगा. आपली वर्तमानपत्रं ते सोडत नाहीत, पण हे आकडे रिश्टरचे नाहीत.

तारखेचं सोपं आहे. मोरोक्कोत ८ सप्टेंबरच्या रात्री ११:११ झाले होते, तेव्हा आपल्याकडे ९ तारखेची पहाट, ३:४१. तक्त्यात स्थानिक वेळच लिहा, कारण लोक घरात होते की बाहेर हे त्यावरून कळतं. तुर्कस्तान ६ फेब्रुवारी, पहाटे ४:१७ आणि दुपारी १:२४. हेरात ७ ऑक्टोबर, सकाळी ११:११. जाजरकोट ३ नोव्हेंबर, रात्री ११:४७. मिंडानाओ २ डिसेंबर, रात्री १०:३७. गान्सू १८ डिसेंबर, रात्री ११:५९. हेरातला ७ तारखेला अर्ध्या तासाच्या अंतराने ६.३ चे दोन, मग ११ आणि १५ ऑक्टोबरला पुन्हा ६.३ चेच, असे चार धक्के बसले. चार ठिपके काढा, नाहीतर "हेरातची तारीख चुकली" म्हणणारा कुणीतरी भेटतोच.

आता स्तंभ. ते मोडीतच काढा. मॅग्निट्यूड एकाने वाढला की लाटेची उंची १० पट होते आणि बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट. ०.२ च्या फरकाला ऊर्जा दुप्पट. ७.८ आणि ६.३ मध्ये ऊर्जेचा फरक साधारण १७८ पट पडतो, तो स्तंभात दिसणार कसा? त्याऐवजी वर्तुळं काढा, क्षेत्रफळ ऊर्जेच्या प्रमाणात ठेवा. ७.८ ची त्रिज्या १० सेंमी धरली तर बाकीच्या अशा येतात: ७.६ ला ७.१ सेंमी, ७.५ ला ६ सेंमी, ६.८ ला १८ मिमी, ६.३ ला साडेसात मिमी, ५.९ ला जेमतेम ४ मिमी, ५.७ ला पावणेतीन मिमी. साध्या चार्टपेपरवर सगळं बसतं. मुलं इथे एक चूक हमखास करतात: ऊर्जेच्या पटीनेच त्रिज्या लहान करत नेतात. आधी वर्गमूळ काढायचं, मग त्रिज्येला भागायचं.

प्रत्येक वर्तुळाखाली मृतांचा आकडा लिहिला की तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं अर्धं काम होतं. जाजरकोटचा ठिपका ज्वारीच्या दाण्याएवढा आणि खाली दीडशेच्या वर. शेजारी मिंडानाओचं ताटलीएवढं वर्तुळ आणि खाली एक आकडी संख्या. कोयनेचा ठिपका हेरातच्या एका ठिपक्याएवढाच येईल, तो वेगळ्या रंगात ठेवा.

कृष्णाकाठ_सांगली

मृतांचे आकडे कधी घेतलेत तेही बघा. हेरातला पहिल्या दोन-तीन दिवसांत दोन हजारांवर सांगत होते, नंतर संयुक्त राष्ट्रांचा आकडा सुमारे दीड हजारावर आला. तुर्कस्तानचा उलट दिशेने चढत गेला: एकट्या तुर्कस्तानात ५३ हजारांहून जास्त, सीरिया धरून ६० हजारांच्या घरात. मोरोक्को २,९०० च्या वर, गान्सू सुमारे १५०. पहिल्या आठवड्यातल्या बातम्यांची कात्रणं चिकटवू नका.

खोलवर

मेळ न लागण्याचं पहिलं कारण खोली. तक्त्यात किलोमीटरचा एक रकाना वाढवा. २०२३ मध्येच १४ एप्रिलला जावाच्या उत्तरेला ७.० चा आणि २९ ऑगस्टला बाली समुद्रात ७.१ चा भूकंप झाला, दोन्ही ५०० किमीहून खोल. लक्षात तरी आहेत का कुणाच्या? २१ मार्चला हिंदुकुशात ६.५ चा झाला, खोली १८० किमीच्या पुढे. दिल्लीपर्यंत पंखे हलले, पण हेरातच्या मानाने नुकसान फारच कमी. हेरातचे धक्के १५ किमीच्या आतले, तुर्कस्तानचेही उथळ. मिंडानाओचा समुद्राखाली होता, त्सुनामीचा इशारा दिला गेला, लाटा मोठ्या आल्या नाहीत.

कोयनेचे धक्के तर बहुतेक १० किमीच्या आतच असतात, म्हणून ३ चा धक्कासुद्धा पाटणच्या लोकांना खालून दणका बसल्यासारखा लागतो. धरणाचा उल्लेख करणार असाल तर शब्द जपून. जलाशय भूकंपाला चालना देतो: पाण्याचा भार आणि खडकांच्या भेगांत शिरणारा दाब, यांनी आधीच ताणलेला प्रस्तर सरकतो. ताण मुळात जमिनीत असतोच. कोयनेच्या शिवाजीसागर जलाशयात १९६२ च्या सुमारास पाणी अडवायला लागल्यावर धक्के वाढले आणि ११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४:२१ ला मोठा झाला. वारणेचं पाणी अडवल्यावर १९९३-९४ मध्ये त्या बाजूलाही ५ च्या वरचे धक्के बसले, तेव्हा शिराळ्याच्या मुलांनीही तक्ता पाहायला हरकत नाही.

दुसरं कारण वेळ, पण ते सरधोपट लावू नका. तुर्कस्तान, कोयना, किल्लारी (३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३:५६) हे सगळे झोपेतले. हेरातचा मात्र भर सकाळी अकराचा. पुरुष शेतावर होते, बायका आणि मुलं मातीच्या घरांत होती, बळींमध्ये तीच जास्त.

गवंडी_ओळंबा

आणि तिसरं, सगळ्यांत मोठं कारण भिंत.

हेरात, मोरोक्कोचा डोंगराळ भाग, जाजरकोट इथली बरीचशी घरं मातीची किंवा माती-दगडाची. किल्लारी ६.२ चा होता आणि बळी हजारोंत गेले, तेही दगड-मातीच्या भिंती आणि वरच्या माळवदाच्या ओझ्याने. ही भिंत बाहेरून दीड-दोन फूट जाड दिसते, पण असते दोन तोंडांची: आतला थर, बाहेरचा थर आणि मध्ये कपच्या-मातीची भर. दोन्ही थरांना जोडणारा आरपार दगड नसला की हादऱ्यात भर खाली बसते, पाचरीसारखी दोन्ही तोंडं बाहेर ढकलते. भिंतीला पोट येतं आणि ती फुटते. गोल नदीतले गोटे वापरले असतील तर आणखी लवकर.

तुर्कस्तानातली गोष्ट वेगळी. तिथे सिमेंटच्या बहुमजली इमारती पत्त्यांसारख्या एकावर एक बसल्या. खाली दुकानांसाठी मोकळा मजला, वर भिंतींचे मजले. निकृष्ट काँक्रीट आणि कॉलमच्या रिंगांत, म्हणजे उभ्या सळयांभोवतीच्या आडव्या कड्यांत, कंजूसपणा. त्यात २०१८ मध्ये सरकारने बेकायदा बांधकामं दंड घेऊन नियमित केली होती. कऱ्हाड-सांगलीत खाली पार्किंग ठेवून बांधतात त्या इमारतींची जातही हीच. बघायचं एवढंच: कॉलमच्या दोन्ही टोकांना, बीमजवळ, दोन रिंगांतलं अंतर ४ इंचांपेक्षा जास्त नको आणि रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या पोटात गेलं पाहिजे. ९० अंशांत वाकवलेली रिंग हादऱ्यात उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात, कॉलम संपला.

कृष्णाकाठ_सांगली

यात जमीनही धरा. तुर्कस्तानातलं अंताक्या शहर नदीच्या गाळाच्या खोऱ्यात, तिथे हादरे वाढून आले. सांगलीत कृष्णेकाठची मळी आणि पाटणचा काळा पाषाण यांत तोच फरक. केंद्रापासून लांब असलो म्हणजे सुटलो असं नाही.

पाटणखोरे_भूगोल

वर्तुळांची युक्ती झकास आहे, आजच काढायला घेतो. गवंडीदादा, एक जोड प्रश्न. तक्ता पाहून पालक विचारणारच, की आमच्या घराच्या भिंती दगड-मातीच्याच आहेत, वर कौलं, पाडून बांधायची ऐपत नाही. त्यांना सांगण्यासारखं काही आहे का?

गवंडी_ओळंबा

आहे, आणि पाडण्यापेक्षा कितीतरी स्वस्त. आयएस १३८२८ आणि आयएस १३९३५ या भारतीय मानकांत याच प्रकारची कामं दिलीत. कोयना परिसर भूकंपरोधक बांधकामाच्या मानकाच्या २००२ आणि २०१६ च्या दोन्ही आवृत्त्यांत झोन ४ मध्ये, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यात होता, तेव्हा हे काम चैनीचं नाही.

आधी तपासणी. भिंतीला ओळंबा लावा, पोट आलंय का बघा. हातोडीने हलके ठोका, बद्द आवाज आला तर तिथे थर सुटलाय. पोट आलेला भाग दुरुस्त होत नाही, तो टेकू देऊन उतरवायचा आणि नव्याने रचायचा. नव्या रचाईत दर २ फूट उंचीला आणि आडवं ४ फुटांच्या आत एक आरपार दगड, भिंत दीड फुटापेक्षा जाड नको.

शाबूत भिंतीत आरपार दगड नंतर घालता येत नाही, म्हणून काँक्रीटचा सांधा घालायचा. आडव्या-उभ्या साधारण एक-एक मीटरवर खुणा करा, पण वरच्या ओळीतली खूण खालच्या दोन खुणांच्या मध्ये येऊ द्या. खुणेवरच्या दगडाभोवतीची माती खरवडून काढा आणि लहान पहारीने दगड डावी-उजवीकडे, वर-खाली हळू हलवून दोन्ही हातांनी ओढून घ्या. घण अजिबात नको. आतली भर हाताने काढत ३ इंचांचं भोक पाडा, पलीकडचा दगड आतून टकटक करून हुडका आणि तोही तसाच काढा. भोक दोन्ही तोंडांशी रुंद आणि मध्ये अरुंद, डंबेलसारखं झालं पाहिजे, कारण तीच त्याची पकड. १:२:४ चं (सिमेंट, वाळू, खडी) काँक्रीट अर्ध्यापर्यंत भरा, दोन्ही टोकांना आकडे केलेली ८ एमएमची सळई ठेवा, उरलेलं दाबून भरा. किमान १० दिवस पाणी शिंपडा. शिंपडा म्हटलंय, नळी सोडू नका, नाहीतर भिंतीतली माती वाहून जाईल.

बिघडतं कुठे? मजूर सकाळी सगळी भोकं पाडून ठेवतात आणि काँक्रीट दुपारी करतात. शेजारशेजारची भोकं एकदम उघडी ठेवायची नाहीत, उघडलेलं त्याच दिवशी भरायचं. आणि काम जानेवारी ते एप्रिलमध्येच, पावसाने भिजलेल्या भिंतीला हात लावू नका.

मग दारं-खिडक्यांच्या वर, घराला सगळीकडून फिरणारा पट्टा. गिलावा ८-९ इंच रुंदीत खरवडा, सांधे पाऊण इंच खोल मोकळे करा, सिमेंटचं पाणी मारा, १:३ चा (सिमेंट, वाळू) अर्धा इंच थर द्या. तो ओला असतानाच वेल्डमेश जाळी ६ इंची खिळ्यांनी फूटभर अंतराने ठोका आणि वर तेवढाच दुसरा थर. आतून आणि बाहेरून दोन्हीकडे. जाळीचे जोड किमान एक फूट एकमेकांवर चढले पाहिजेत, आणि कोपऱ्यात जोड घ्यायचा नाही. बहुतेक पट्टे कोपऱ्यातच सुटतात, कारण जाळी तिथे कापणं गवंड्याला सोपं जातं.

आढ्याखालची त्रिकोणी भिंत सगळ्यांत आधी पडते. जमलं तर ती उतरवून तिथे पत्रा किंवा फळ्या लावा. वासे भिंतीवर नुसते टेकलेले असतील तर पट्टी आणि बोल्टने बांधा.

तरंगलेखी

सळईची लांबी लिहायची राहिली, दुकानदार तीच विचारतो.

गवंडी_ओळंबा

दीड फुटी भिंतीला आकड्यांसकट २० इंच. टोकं दोन्ही तोंडांपासून दीड-दोन इंच आत राहिली पाहिजेत, बाहेर दिसली तर गंजतात. १५ फूट लांब, ९ फूट उंच भिंतीला दहा-बारा नग लागतात, दाराची जागा वजा करून. आकडे आधी वाकवून आणा, भोकात सळई घालून वाकवायला गेलं की शेजारचा दगड हलतो.