विषय: दिवाळी निधी – गुणवंतांचा सत्कार, की परीक्षेला बसणाऱ्यांची सोय?

प्रेषक: खजिनदार

नमस्कार मंडळी,
गणपतीचा हिशेब पूर्ण झाला, शिल्लक बरी आहे. अमेरिकेतल्या आपल्या मंडळातली निम्मी मंडळी मराठवाड्याची, म्हणून या वर्षीची रक्कम तिकडे द्यावी असं कार्यकारिणीत ठरतंय. शिष्यवृत्ती परीक्षेत आठही जिल्ह्यांत पहिल्या दहात येणाऱ्या मुलांना टॅब आणि रोख बक्षीस, शिवाय लातूरला एक सत्कार समारंभ. कोणाची हरकत असेल तर रविवारपर्यंत कळवा.

*

प्रेषक: सभासद (माहेर धारूर तालुका, जि. बीड)

काका, माझी हरकत आहे. जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या दहात येणारं मूल बहुतेकदा आपल्या बक्षिसाशिवायही पुढे जाणार असतं. त्याचा अभ्यास घेणारं, क्लासची फी भरणारं, परीक्षा केंद्रावर नेऊन सोडणारं घरात कोणीतरी असतं. माझा जीव तुटतो तो यादीत कधी येतच नाहीत त्यांच्यासाठी.

आमच्या गावातली कितीतरी घरं दसरा-दिवाळीच्या सुमारास कुलूप लावून ऊस तोडायला सांगली-कोल्हापूरकडे नाहीतर कर्नाटकात जातात, ती पाडव्याच्या आगेमागे परततात. आता वेळापत्रक बघा. एनएमएमएस, म्हणजे आठवीतल्या गरीब घरच्या मुलांसाठीची केंद्राची शिष्यवृत्ती परीक्षा, डिसेंबरात. नवोदयची, म्हणजे केंद्राच्या मोफत निवासी शाळांची, निवड चाचणी डिसेंबर-जानेवारीत. राज्याची शिष्यवृत्ती परीक्षा सहसा फेब्रुवारीत. गावाकडची हुशार मुलं हेरायच्या या तीन मोठ्या परीक्षा, आणि तिन्ही ऐन उसाच्या गाळपात! अर्ज भरलेला असतो, हॉलतिकीट आलेलं असतं, आणि मूल फडात असतं.

नवोदयचं तर फार वाईट वाटतं, कारण ती योजना खरोखर याच मुलांसाठी आहे. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांना, एक तृतीयांश मुलींना. १०० पैकी ५० गुण बुद्धिमत्ता चाचणीचे, तेही आकृत्यांवर. शाळा बुडाल्यामुळे वाचन कच्चं राहिलेलं मूलसुद्धा तिथे चमकू शकतं. पण सहावीच्या प्रवेशासाठी ही परीक्षा एकदाच देता येते. पाचवीतला तो एक दिवस हुकला की संपलं.

माझी बहीण जिल्हा परिषद शाळेत शिकवते. तिच्या वर्गात एक मुलगी होती. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल किती, ऊस किती टन तोडला, त्यातून किती फिटली आणि किती राहिली, हे ती बापाला तोंडी सांगायची. कागद-पेन्सिल न घेता. बहिणीने स्वतः तिचा नवोदयचा अर्ज भरून घेतला होता. परीक्षेच्या दिवशी ती फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, धाकट्या भावाला सांभाळत होती.

आपल्या मुलांच्या शाळेत ‘गिफ्टेड’ची, म्हणजे हुशार मुलांच्या खास वर्गांसाठीची, चाचणी कधी, अर्ज कुठे, हे आपण एकमेकांना फोन करून कळवतो. ज्यांना असे फोन येत नाहीत त्यांची मुलं इथेही मागे राहतात. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीत आधी शिक्षक किंवा पालक नाव सुचवतील त्याच मुलांची तपासणी व्हायची. २००५ पासून त्यांनी दुसरीतल्या सगळ्याच मुलांची शब्दांवर न बेतलेली चाचणी घ्यायला सुरुवात केली. डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो या अर्थतज्ज्ञांनी तिथल्या नोंदी तपासल्या. गरीब घरांतली, कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलं त्या वर्गांत लक्षणीय वाढली होती. मुलं तीच होती, फक्त त्यांच्यापर्यंत कोणीतरी पोचलं. पुढे पैशांअभावी चाचणी बंद झाली, आणि प्रमाण पुन्हा खाली आलं.

म्हणून माझं म्हणणं, निधी सत्काराला न देता ही मुलं त्या दिवशी बाकावर बसतील यासाठी द्यावा.

*

प्रेषक: निवृत्त केंद्रप्रमुख, अंबाजोगाई (सध्या मुक्काम लेकीकडे)

ताई, तुम्ही लिहिलं ते शंभर टक्के खरं आहे. नोकरीच्या काळातलं थोडं सांगतो.

आईबाप ऊसतोडीला गेल्यावर गावात मागे राहणाऱ्या लेकरांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय शासनाने केलेली आहे. त्यात लेकरू आजी-आजोबांजवळ राहतं आणि दोन वेळचं जेवण मिळतं. तरीही थोरल्या पोरी जातातच. ऊसतोडीत एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून. आई पहाटेच फडात गेली की तान्ह्याला कोण बघणार? शाळेत न जाणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या लेकराची वसतिगृहात सोय नाही. म्हणून धाकट्यापायी थोरली जाते. ज्या घरी आजी धडधाकट होती आणि तिने धाकट्यालाही ठेवून घेतलं, तिथली पोर गावात राहिली. ज्यांना आजी नाही तिथे शेजारच्या एखाद्या बाईने दोन-तीन घरची लहान लेकरं सांभाळली तर काम होतं, पण तिला महिन्याला काही द्यावं लागतं. माझ्या माहितीप्रमाणे हा खर्च कोणत्या योजनेत बसत नाही. मंडळाने पैसा तिथे लावावा, असं मला फार वाटतं.

दुसरं, परीक्षेचं केंद्र तालुक्याला असतं. वाडी-तांड्यावरून सकाळची एसटी मिळेलच असं नाही. आदल्या दिवशी मुक्काम आणि सोबत एक माणूस, एवढं तरी बघा.

आणि पुढच्या वर्षीपासून जुलै-ऑगस्टात, सगळी लेकरं गावात असताना, चौथी-पाचवीच्या प्रत्येकाची साधी आकृत्यांची चाचणी शाळेतच घ्या. गुरुजींच्या नजरेतून सुटलेलं एखादं लेकरू त्यात नक्की सापडतं. आम्हा मास्तरांची नजर पहिल्या बाकावर जास्त जाते, हे मी वर्गावर्गांत बसून पाहिलेलं आहे.

*

प्रेषक: खजिनदार

ताई, सर,
टॅबचा प्रस्ताव मागे घेतो. सत्काराचं मन मात्र होत नाही सोडायला. गावातल्या पोराचं चार लोकांत कौतुक झालं की बाकीच्या पोरांनाही जोर येतो, असं माझं मत आहे. तो साधेपणाने तिथल्या शाळेतच होईल.

पैशांचं मात्र नीट पाहावं लागेल. मंडळाच्या खात्यातून थेट शाळेला किंवा त्या बाईंना रक्कम पाठवता येणार नाही. एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या भारतीय कायद्याखाली, नोंदणी असलेली संस्था लागेल. ज्यांच्याकडे अजून भारतीय पासपोर्ट आहे ते आपल्या बचतीतून देऊ शकतात, ती परदेशी देणगी धरत नाहीत. अशा सभासदांनी मला वेगळी मेल करावी.

सर, धारूर, वडवणी, केज या तीन तालुक्यांतल्या कोणत्या शाळांपासून सुरुवात करावी, आणि बाईंना महिन्याला किती द्यावे लागतील, एवढं या आठवड्यात कळवाल का? दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघतील.