गेम हातात बसला की मजा संपते म्हणे!

सदरवाला: काल इथं एका भाऊनं लिहिलं, "गेम पूर्ण जमला की तो मेला, म्हणून मी अर्ध्यातच सोडतो." खाली सगळ्यांचं 'अगदी खरं, अगदी खरं'. वाचून डोकं फिरलं. वरून पडणारे ठोकळे रचायच्या निन्टेन्डोच्या जुन्या टेट्रिसमध्ये 29वी लेव्हल म्हणजे शेवट, असं लोक वर्षानुवर्षं धरून चालले होते. ठोकळा इतका जोरात पडतो की बटण दाबून धरलं तर तो कडेला पोहोचतच नाही. मग कंट्रोलरच्या मागून बोटांनी टपटप ठोकायची रोलिंगची पद्धत आली, आणि डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेतल्या 13 वर्षांच्या पोट्ट्यानं 157व्या लेव्हलला गेमच गोठवला, पुढं चालेचना. अर्ध्यात सोडणाऱ्याला हे कुठून दिसणार?

महालचा_भाऊ: त्या पोट्ट्याचं कौतुकच आहे. आमचं ऐका. कॉलेजात असताना नागपुरात बर्डीवरच्या गेम पार्लरमध्ये स्ट्रीट फायटर हा दोघांच्या मारामारीचा गेम खेळायचो. हात बसेपर्यंत बाप्पा, काय मजा होती! हात बसला आणि माझ्या बाजूला कोणी टोकनच टाकेना. मी मशीनवर दिसलो की पोट्टे सरळ दुसरीकडं. एकट्यानं मशीनला किती हरवायचं?

सदरवाला: म्हणजे तुमची मजा जोडीदार नाही म्हणून गेली. त्याचा दोष खेळ येण्याला काहून देता?

इतवारीवाला: मुळात तुम्हाला खेळ येत होता का? ठरावीक बटणं दाबायचा कोड टाकून, तिनाऐवजी तीस जीवांवर काँट्रा हा बंदुकीचा गेम संपवणारे तुम्ही. तीन जीवांवर संपवा, मंग बोला.

धरमपेठची_ताई: कोडला लबाडी म्हणू नका. कोनामी या गेम कंपनीच्या काझुहिसा हाशिमोतोंनी तो 1986च्या ग्रेडियस गेममध्ये घातला, कारण तपासताना त्यांनाच तो गेम जड जात होता. बनवणाऱ्याला चालतो, आम्हाला का नाही? उन्हाळ्यात कूलरसमोर मी आणि दादा काँट्रा खेळायचो. धबधब्याच्या लेव्हलला तो भराभर वर उड्या मारायचा, स्क्रीन वर सरकायची आणि मी खाली मरायचे. तीन जीवांत माझा खेळ तिथंच आटोपला असता.

इतवारीवाला: मरायची भीतीच नाही तर उरलं काय? ते खेळणं नव्हे, नुसतं बघणं.

धरमपेठची_ताई: मला पुढची लेव्हल बघायचीच होती! कोणी कशासाठी खेळावं हे तुम्ही ठरवणारे कोण?

इतवारीवाला: बघा, पण 'काँट्रा संपवला' म्हणून सांगत फिरू नका.

धरमपेठची_ताई: संपवलाच. दादाला विचारा.

अजनीकर: विषय काय, भांडता कशावर? आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखनं 2025 मध्ये बातुमीला कोनेरू हंपीला टायब्रेकमध्ये हरवून बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकला. खेळात मुरल्यावर तिची मजा गेली असं दिसतं का?

महालचा_भाऊ: बुद्धिबळ मध्ये आणू नका. समोर माणूस असतो, तो नवी चाल काढतो. काँट्रातला शिपाई दर वेळी त्याच जागेवरून येतो. ते पाठ झालं की नुसती बोटं चालतात, डोकं रिकामं. सदरवाल्या भाऊ, तुमच्या टेट्रिसमध्येही पुढचा ठोकळा पाठ करता येत नाही, म्हणून तो टिकला.

सदरवाला: बरं, पाठ होणाऱ्या गेमपुरतं तुमचं घ्या खरं. पण म्हणून अर्ध्यात सोडा, हे मला कदापि पटणार नाही.

महालचा_भाऊ: सोडा असं मी कुठं म्हटलं? ते कालच्या भाऊला विचारा. मी पार्लर बंद होईस्तोवर जात होतो. बाजूला टोकन टाकणारा एक तरी हवा होता, एवढंच.