चर्चा: ‘भूपट्ट आदळले की पर्वत आणि ज्वालामुखी’, सोलापूरच्या वर्गात एवढं पुरे?

काळीमाती: लेकीच्या भूगोलाच्या वहीत हेच एक वाक्य आहे आणि पुढे बरोबरची खूण. माझा याला विरोध आहे. सोलापूरच्या पायाखालचा काळा पाषाण लाव्हाचाच, पण तो टकरीतून आलेला नाही. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी आपली प्लेट, म्हणजे भूपट्ट, पृथ्वीच्या कठीण बाह्यथराचा सरकता तुकडा, हिंदी महासागरातल्या तप्तस्थळावरून सरकत होती. तप्तस्थळ म्हणजे खोलातून तप्त खडक वर येतो ती जागा; ते आज रियुनियन बेटाखाली आहे. तेव्हा जमिनीला भेगा पडून लाव्हा पसरला, थरावर थर बसले. आशियाशी टक्कर त्यानंतरची. आपल्याच जमिनीला लागू न होणारं वाक्य आपल्या मुलांनी का घोकायचं?

होटगीरोड: नाही पटलं. आधी नियम, मग अपवाद. हिमालय, अँडीज, जपान सगळे प्लेटांच्या कडेलाच आहेत. सुरुवातच तप्तस्थळानं केली तर पोरांचा गोंधळ उडेल.

काळीमाती: नियम तरी पुरा सांगा की. हिमालयात जागता ज्वालामुखी का नाही? तिथं दोन्हीकडे खंडाचं हलकं कवच आहे. ते फारसं खाली जात नाही, चुरगळून जाड होतं, वर चढतं. एव्हरेस्टच्या माथ्याचा चुनखडक एके काळी समुद्राच्या तळाशी होता. अँडीजखाली मात्र जड सागरी प्लेट बुडते आणि खनिजांत अडकलेलं पाणी सोबत नेते. साधारण 100 किलोमीटर खाली गेल्यावर ते पाणी वरच्या तप्त खडकात शिरतं, त्याचा वितळणबिंदू उतरतो आणि शिलारस तयार होतो. अंदमानच्या बॅरन बेटावरचा ज्वालामुखी याच रीतीचा. पर्वत आणि ज्वालामुखी एका ‘आणि’नं जोडले की हे सगळं गळून जातं.

मंद्रूपचा_शेतकरी: आमच्या विहिरीत उतरलं की हे हातानं चाचपता येतं. वर काळी माती, मग मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या, त्या भोकांत पांढऱ्या गारगोट्या. खाली टणक पाषाण आणि मध्येच वीतभर तांबडा पट्टा. एक लाव्हा निवून त्याची माती झाली, मग तिच्यावर दुसरा आला, तो हा पट्टा. पाणीही बहुतेक अशाच सांध्यांतून पाझरतं.

सातरस्ता: सह्याद्री तरी टकरीचाच ना?

काळीमाती: नाही. थर याच लाव्हाचे. पश्चिमेकडची जमीन तुटून दूर गेली, किनाऱ्याची कड उचलली गेली आणि पावसानं ती कोरली.

होटगीरोड: पण टकरीशी आपला संबंधच नाही असं मुलांच्या मनात बसलं तर ते घातक आहे. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवा. किल्लारी प्लेटच्या कडेपासून शेकडो कोस आत, तरी भूकंपात हजारो माणसं गेली. प्लेट आजही वर्षाला काही सेंटिमीटर उत्तरेकडे सरकते, हिमालयाशी अडते, आणि तो दाब आतपर्यंत पोचून जुन्या भेगा सरकतात, असंच बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात. दगडमातीच्या जाड भिंती आणि डोक्यावर माळवद, त्याखाली माणसं दबली. आपल्या तालुक्यांत अशी घरं अजून आहेत. म्हणून पहिला धडा टकरीचाच हवा.

काळीमाती: मग किल्लारीही वहीत यायलाच हवी. त्या एका वाक्यात तीही नाही.

होटगीरोड: ते वाक्य वाढवा, मी अडवत नाही. क्रम मात्र बदलू नका.

मंद्रूपचा_शेतकरी: क्रम तुम्ही ठरवा. उन्हाळ्यात पाणी तळाला गेलं की वर्ग घेऊन या, थर उघडे असतात. फक्त काठावर दोर धरायला दोन मोठी माणसं हवीत.